छोट्या रीफ टाकीत शेवाळ खाणारे शांत प्राणी : कोणते आणि किती?

खाडीकाठ (ठाणे) : प्रश्न

सर्वांना नमस्कार.

माझ्याकडे ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ३५ उंच अशी खाऱ्या पाण्याची रीफ टाकी (म्हणजे प्रवाळांची टाकी) असून, दगड आणि वाळू वजा जाता तीत साधारण ७० लिटर पाणी मावते. टाकी सुरू होऊन चार महिने झाले. क्लाउनफिशची एक जोडी, एक पिवळा वॉचमन गोबी मासा आणि त्याच्याच बिळात राहणारी पिस्तूल कोळंबी एवढेच रहिवासी आहेत. प्रवाळांत एका मित्राने त्याच्या टाकीतून कापून दिलेले झोअँथसचे तीन फ्रॅग (म्हणजे लहान तुकडे), दोन मशरूम प्रवाळ आणि एक लहान लेदर प्रवाळ आहे. फ्रॅग अजून चिकटवलेले नाहीत, दगडांच्या खोबणीत नुसते टेकवून ठेवले आहेत. तापमान २६ अंश, क्षारता (मिठाचे प्रमाण) हजारी ३५ भाग, नायट्रेट १० आणि फॉस्फेट ०.१५ पीपीएम आहे.

अडचण अशी की, काच पुसल्यावर दोनच दिवसांत तिच्यावर हिरवट पापुद्रा धरतो, मागच्या दगडावर बोटाच्या पेराएवढे केसाळ शेवाळ वाढले आहे आणि पुढच्या बाजूच्या वाळूवर तपकिरी धूळ बसल्यासारखी दिसते. दुकानदाराने मला २० गोगलगाई, १० निळ्या पायांचे हर्मिट खेकडे आणि एक सी हेअर (बाहेर शंख न दिसणारी मोठी, मऊ समुद्री गोगलगाय) असा एकत्रित संच सुचवला आहे. दुसऱ्या एकाने लॉनमोअर ब्लेनी हा शेवाळ खाणारा मासा घ्यायला सांगितले. माझ्या मावसभावाचे म्हणणे मात्र असे की, रत्नागिरीच्या कातळावर हव्या तेवढ्या गोगलगाई फुकट मिळतात, त्या तो पुढच्या खेपेला बाटलीत घालून आणेल.

दोन महिन्यांपूर्वी मी गोल, जड शंखाच्या तीन मोठ्या गोगलगाई आणल्या होत्या. त्यांपैकी दोघी तीन आठवड्यांच्या आत मेल्या. दुसरी मेली ती दगडामागे, आणि सकाळी झाकण उघडताच आलेल्या वासावरूनच ते मला समजले. तिसरीने जाता जाता झोअँथसचा फ्रॅग दोनदा वाळूत लोळवला, म्हणून ती मित्राच्या मोठ्या टाकीत पोहोचवली. त्यामुळे आता घाई करायची नाही, असे ठरवले आहे. प्रवाळांना, माशांना आणि एकमेकांनाही त्रास न देणारे असे कोणते प्राणी इतक्या लहान टाकीत निभतील आणि ते किती असावेत, याबद्दल अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती.

मीठमोजणी (पुणे) : उत्तर

खाडीकाठ, तुमच्या वर्णनात एक नव्हे, तीन वेगवेगळी शेवाळे आहेत आणि ती खाणारी तोंडेही वेगवेगळी आहेत. म्हणून ‘२० गोगलगाई’ या आकड्यातून काहीच निष्पन्न होत नाही. ७० लिटरच्या टाकीत पहिल्या पंधरवड्यात २० गोगलगाईंना पुरेल इतके खाणे असते, नंतर नसते. त्या एकेक करून उपाशी मरतात, मेलेल्या गोगलगाईचे मांस कुजून अमोनिया आणि मग नायट्रेट वाढते, आणि त्यावर आपण ज्यासाठी त्यांना आणले तेच शेवाळ पुन्हा पोसले जाते.

सर्वांत आधी वाळूवरचा तपकिरी थर नक्की कशाचा आहे ते पाहा. नव्या टाकीत तो बहुधा डायटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो. बोट फिरवले की पिठासारखा उडतो आणि पाण्यातील सिलिकेट संपत आले की आपोआप ओसरतो. मात्र तो शेंबडासारखा चिकट असेल, त्यात हवेचे बुडबुडे अडकलेले असतील आणि रात्री कमी होऊन दुपारी पुन्हा दाटत असेल, तर ते डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो) नावाचे सूक्ष्म जीव असू शकतात, आणि त्यांच्यातील काही जाती खाल्ल्याने गोगलगाई मरतात. खात्री करायची सोपी रीत आहे. थोडा थर ड्रॉपरने ओढून बाटलीत घ्या, बाटली जोरात हलवा, ते पाणी कॉफीच्या गाळणी-कागदातून गाळा आणि गाळलेले पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. त्यात पुन्हा तंतू जमून लोंबू लागले, तर डायनो समजा आणि गोगलगाईंचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तुमचे नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर नाहीत, त्यामुळे ही शक्यता मला कमी वाटते, पण तासाभराची परीक्षा करून घ्यायला हरकत नाही. लालसर, पापडासारखा सोलून निघणारा थर पुढे कधी दिसला, तर ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया असतात, आणि त्यांना बहुतेक प्राणी तोंड लावत नाहीत.

आता प्राण्यांकडे वळतो. माझी पहिली पसंती ट्रोकस गोगलगाईला आहे. तिचा शंख भोवऱ्यासारखा शंकूच्या आकाराचा, तळाशी सपाट आणि बहुतेक वेळा पट्ट्यापट्ट्यांचा असतो. काचेवरचा पापुद्रा आणि दगडावरचे आखूड शेवाळ ती नेटाने खरवडते, आणि तिचा मोठा गुण म्हणजे पाठीवर पडली तरी पाय लांबवून, वाळूत रोवून स्वतःला उलटवून घेते. दिसायला तिच्यासारखीच असणारी ॲस्ट्रिया ही कॅरिबियन गोगलगाय शेवाळ तितकेच आवडीने खाते, पण वाळूवर उताणी पडली की तिला सहसा उठता येत नाही. रात्री पडली आणि सकाळी तुमचे लक्ष गेले नाही, तर ती गेलीच. दिवसभर बाहेर असणाऱ्या माणसाने ॲस्ट्रिया घेऊ नये, असे माझे मत आहे.

वाळूसाठी सेरिथ घ्या. लांबट, टोकदार, मळसूत्रासारख्या शंखाची ही लहान गोगलगाय दिवसा वाळूत पुरून बसते आणि अंधार पडला की वर येऊन डायटम व उरलेसुरले अन्न वेचते. दुकानदार तिच्या जागी नॅसेरियस देतात, तेव्हा नीट पाहून घ्या. नॅसेरियस उपयोगी प्राणी आहे, परंतु तो मांस खातो, शेवाळ नाही. सोंडेसारखी नळी वर काढून वाळूतून झपाट्याने कोळंबीच्या तुकड्याकडे धावणारी गोगलगाय दिसली, तर ती नॅसेरियस.

तुम्ही आधी आणल्या होत्या त्या वर्णनावरून टर्बो असाव्यात. टर्बो वाईट नाही. केसाळ शेवाळ तिच्याइतके क्वचितच कुणी खात असेल. परंतु ती लिंबाएवढी होते, वाटेत येईल ते ढकलत जाते, आणि तिची भूक ७० लिटरमध्ये भागत नाही. शिवाय मेक्सिकन टर्बो म्हणून विकली जाणारी जात कॅलिफोर्नियाच्या आखाताकडची असून तिथले पाणी हिवाळ्यात बरेच थंड होते, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिचे हाल होतात. मार्गारिटा गोगलगाय तर थंड समुद्रांतलीच आहे. ती कोणी स्वस्तात देऊ लागला, तरी नको म्हणा. प्राणी भांडखोर नसला म्हणजे शांत झाला, असे आपण धरून चालतो, पण न चिकटवलेल्या फ्रॅगच्या दृष्टीने टर्बो म्हणजे बाजारात शिरलेला बैलच आहे.

सी हेअर तुमच्या टाकीत मुळीच आणू नका. तो केसाळ शेवाळ अक्षरशः चरतो, दगड आठवड्यात स्वच्छ करतो आणि मग उपाशी मरतो. घाबरला किंवा पंपाच्या जाळीत अडकला, तर जांभळी शाई सोडतो. इतक्या थोड्या पाण्यात ते निस्तरणे सोपे नाही. त्याला चार-पाच टाक्यांमध्ये आळीपाळीने फिरवणारे हौशी लोक आहेत, आणि तीच त्याला पाळण्याची योग्य रीत आहे. लॉनमोअर ब्लेनी सुमारे १३ सेंटिमीटरचा होतो आणि शेवाळ संपले की पोट खपाटीला जाऊनही कोरडे खाद्य खाईलच, असे नाही. मासाच हवा असेल, तर टेलस्पॉट ब्लेनी पाहा. तो ६ सेंटिमीटरच्या आसपास राहतो आणि स्वभावाने सौम्य असतो, पण टाकीला आणखी काही महिने होऊ द्या आणि वर जाळी बसवा, कारण ब्लेनी उडी मारतात. टक्सेडो अर्चिन हा काटेरी, गोल समुद्री प्राणी दिसायला देखणा आणि कामाला चोख असला, तरी त्याला सापडेल ती वस्तू अंगावर वाहून नेण्याची सवय असते. तुमचे सुटे झोअँथस तो टोपीसारखे घालून टाकीभर हिंडेल. एमराल्ड खेकड्याची ख्याती हिरव्या फुग्यांचे शेवाळ खाण्यासाठी आहे, आणि ते तुमच्याकडे नाहीच.

संख्येबद्दल विचाराल, तर माझे उत्तर तीन ट्रोकस आणि तीन सेरिथ एवढेच आहे, तेही पेरभर वाढलेले शेवाळ आधी हाताने उपटल्यानंतर. गोगलगाय आखूड शेवाळ आखूड ठेवते; वाढलेले रान ती साफ करीत नाही. दगड बाहेर काढता येत असेल, तर टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत धरून नव्या टूथब्रशने घासा आणि बादलीतले पाणी फेकून द्या.

आणताना घ्यायच्या काळजीचाही उल्लेख करतो, कारण तुमच्या दोन गोगलगाई कदाचित भुकेने नव्हे, क्षारतेतील फरकाने गेल्या असतील. दुकानात पाणी पुष्कळदा ३० किंवा त्याहून कमी क्षारतेचे ठेवतात. तिथून थेट ३५ मध्ये टाकलेली गोगलगाय काही दिवस जिवंत दिसते, पण सावरत नाही. पिशवीतल्या पाण्याची क्षारता रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणाने मोजा, हवेच्या नळीला गाठ मारून टाकीतले पाणी त्यात सेकंदाला दोन-तीन थेंब पडेल इतकी धार ठेवा आणि दीड-दोन तास द्या. नंतर तिला वरून सोडून न देता दगडावर पाय खाली येईल अशी ठेवा. टाकीत पूर्वी कधी तांब्याचे औषध घातले असेल, तर तेही सांगा, कारण गोगलगाई आणि कोळंबी या दोघींनाही तांबे सोसत नाही.

शंखबदल (नाशिक) : उत्तर

मीठमोजणी यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, मात्र त्यांनी हर्मिट खेकड्यांची दखलच घेतली नाही, म्हणून त्यांची बाजू मांडतो. दहा निळ्या पायांचे हर्मिट ७० लिटरमध्ये नक्कीच नकोत, कारण ते शंखासाठी गोगलगाईंना मारतात आणि प्रसंगी एकमेकांनाही. पण तांबड्या पायांचा, ज्याला स्कार्लेट हर्मिट म्हणतात, तो त्यांच्या मानाने बराच सौम्य असतो. माझ्याकडे ९० लिटरच्या टाकीत असे दोन खेकडे तीन वर्षांपासून आहेत. दगडांच्या ज्या चिरांमध्ये गोगलगाईचे तोंड पोहोचत नाही, तिथले शेवाळ ते चिमट्याने उपटावे तसे एकेक तंतू करून खातात, आणि ते पाहण्यात माझी अर्धी संध्याकाळ जाते.

अट एवढीच की, प्रत्येक खेकड्यामागे निरनिराळ्या मापांचे तीन-चार रिकामे शंख टाकीत ठेवले पाहिजेत. शंखाचे तोंड गोल आणि सध्याच्या शंखापेक्षा किंचित मोठे असावे. रंग लावलेले शोभेचे शंख वापरू नयेत. तरीही, ज्यांना एकही गोगलगाय गमावणे सहन होणार नाही, त्यांनी हर्मिट न आणणेच बरे. तीन वर्षांत माझीही एक ट्रोकस रिकामी सापडली आणि दुसऱ्या दिवशी तिचा शंख फिरायला लागलेला दिसला.

ओहोटी (रत्नागिरी) : उत्तर

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते आणि ओहोटीच्या वेळी विद्यार्थ्यांना घेऊन याच कातळांवर जाते, म्हणून आपल्या मावसभावांच्या प्रस्तावाबद्दल लिहीत आहे. कृपया त्यांना बाटली रिकामीच आणायला सांगा.

किनाऱ्याच्या कातळावर सहज हाताला लागणाऱ्या गोगलगाईंमध्ये नेराइट पुष्कळ असतात. त्या शेवाळ खातात हे खरे, परंतु त्यांचे आयुष्य भरती-ओहोटीच्या पट्ट्यात जाते, आणि त्यामुळे टाकीतही त्या पाण्याच्या रेषेवर चढून बसतात. झाकण नसेल, तर सकाळी भिंतीवर किंवा पलंगाखाली सापडतात. काचेवर आणि दगडांवर तिळासारखी पांढरी, कडक अंडी चिकटवतात, ती नखाने निघत नाहीत. त्याच कातळावर नेराइटच्या शेजारी इतर गोगलगाईंना भोके पाडून खाणाऱ्या मांसाहारी गोगलगाईही असतात, आणि सरावाशिवाय दोघींतील फरक ओळखता येत नाही. शिवाय किनाऱ्यावरच्या प्राण्यांबरोबर परोपजीवीही टाकीत येतात.

कायद्याची बाजूही आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या परिशिष्टांत २००१ मध्ये अनेक सागरी प्राण्यांची भर पडली. त्यांत रीफ बांधणारी सर्व प्रवाळे, सर्व समुद्री काकड्या आणि मृदुकाय प्राण्यांच्या (गोगलगाई, शिंपले वगैरे) काही जाती आहेत. अंदमान-निकोबारकडे आढळणारा मोठा ट्रोकस आणि मोठा हिरवा टर्बो हेदेखील त्या यादीत आले. दुकानात मिळणाऱ्या लहान ट्रोकस निराळ्या जातींच्या आणि आयात केलेल्या असाव्यात, याची खात्री विक्रेत्याकडून करून घ्यावी आणि पावती ठेवावी. मालवणचे सागरी अभयारण्य तर १९८७ पासून आहे. तिथून दगडाचा तुकडाही उचलू नये.

एक अवांतर, पण विषयाला धरूनच. शेवाळ खाणारे प्राणी गेल्यावर रीफचे काय होते, हे १९८३ मध्ये कॅरिबियन समुद्रात दिसले. पनामाजवळ सुरू झालेल्या एका रोगाने लांब काट्यांचे डायडेमा अर्चिन सुमारे वर्षभरात जवळजवळ संपवले. जमैकात शेवाळ खाणारे मासे अतिमासेमारीमुळे आधीच विरळ झाले होते, त्यामुळे अर्चिन गेल्यावर चरायला कोणी उरले नाही आणि तिथले प्रवाळ शेवाळाखाली गेले. म्हणून चरणारे प्राणी हवेत, हे मान्यच आहे. पण तोच डायडेमा ७० लिटरमध्ये ठेवला, तर उपाशी राहील आणि भुकेपोटी दगडावरचा कोरलाइन या कडक शेवाळाचा जांभळा थरही खरवडून काढील. समुद्रात त्याच्यासाठी चरायला किती जागा असते, ते प्रत्यक्ष पाहिलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

थेंबथेंब (डोंबिवली) : उत्तर

प्राण्यांबद्दल वरती उत्तम माहिती आली आहे, म्हणून मी केवळ एक प्रश्न विचारतो : बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी आपण कोणत्या पाण्याने भरता? स्वयंपाकघरातल्या शुद्धीकरण यंत्राच्या पाण्याने भरत असाल, तर त्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मोजा. पाण्याला चव राहावी म्हणून यांपैकी अनेक यंत्रांत थोडे कच्चे पाणी परत मिसळण्याची सोय असते, आणि त्यामुळे पिण्यास उत्तम असलेले ते पाणी रीफसाठी शुद्ध नसते. टाकीतून निव्वळ पाण्याची वाफ होते. भरलेल्या पाण्यातून आलेले सिलिकेट, नायट्रेट आणि फॉस्फेट मात्र मागे राहते आणि महिनोन्‌महिने साठत जाते. वाळूवरच्या तपकिरी थराचे मूळ मला तिथे असावेसे वाटते. यंत्रातील मिश्रण बंद करून पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या मण्यांची) नळी जोडल्यास टीडीएस शून्यावर येतो.

क्षारतेचेही गणित सांगतो. आपल्या ७० लिटरमधून पंख्यामुळे मे महिन्यात दिवसाला २ लिटर सहज उडतात. तेवढे न भरल्यास ३५ ची क्षारता एका दिवसात ३६ होते. शनिवार-रविवार गावाला जाऊन आलात की ती आणखी वर गेलेली असते, आणि परतल्यावर आपण चार लिटर एकदम ओतून तिला खाली आणतो. हे हेलकावे मासे सहन करतात, गोगलगाई करत नाहीत. गोठवलेले खाद्य घालण्यापूर्वी चहाच्या गाळणीत धुऊन घेत चला, म्हणजे त्याचा फॉस्फेटयुक्त रस टाकीत जाणार नाही.

खाडीकाठ (ठाणे) : सहा आठवड्यांनंतर

उशिरा लिहितो आहे, त्याबद्दल क्षमस्व. काही सांगण्यासारखे होईपर्यंत थांबलो होतो.

घरच्या यंत्राच्या पाण्याचा टीडीएस ६४ निघाला. रेझिनची नळी जोडली, तो शून्यावर आला, आणि तीन आठवड्यांत वाळूवरची तपकिरी धूळ जवळजवळ गेली. त्याआधी कॉफीच्या कागदाची परीक्षा केली होती, तंतू जमले नाहीत. मागचा दगड बादलीत धरून घासला. बादलीतले पाणी पालकाच्या सारासारखे झाले होते. झोअँथस चिकटवून टाकले. मग तीन ट्रोकस आणि तीन सेरिथ आणल्या. दुकानाच्या पिशवीतील पाण्याची क्षारता २९ भरली, तेव्हा मागच्या खेपेचा उलगडा झाला. हर्मिटचा मोह आवरला, आणि मावसभावाला ओहोटी ताईंचे उत्तर पाठवले. तो आता कातळावर जाऊन नुसते फोटो काढून पाठवतो.

ट्रोकस दिवसा दगडाच्या सावलीत बसून राहतात. रात्री अकराला बॅटरीवर लाल कागद लावून पाहिले, तर काचेवरच्या हिरव्या पापुद्र्यात त्यांच्या जिभेच्या नागमोडी खुणा उमटलेल्या होत्या, नांगरलेल्या शेतातल्या सऱ्यांसारख्या. एक माझ्यादेखत वरून वाळूवर उताणी पडली. मी हात घालणार तोच तिने पाय शंखाबाहेर अर्धा बोटभर लांबवला, वाळूत टेकला आणि दोन झटक्यांत सरळ झाली. काच आता आठवड्यातून एकदा पुसतो.

सेरिथच्या बाबतीत मात्र एक विचित्र गोष्ट घडते आहे. पिस्तूल कोळंबी एका सेरिथला उचलून बिळाच्या तोंडाशी नेऊन ठेवते, जणू बांधावर रचायचा दगडच. ती रात्री निघून जाते आणि दुपारी पुन्हा तिथेच असते. यात तिच्या जिवाला धोका आहे का? दुसरा प्रश्न असा की, पंपाच्या बाजूला केसाळ शेवाळाचा एक झुपका राहिला आहे आणि त्याला कोणीच तोंड लावत नाही. त्यासाठी चौथी ट्रोकस आणावी का?

मीठमोजणी (पुणे) : उत्तर

कोळंबी तिला दगडच समजते आहे. बीळ बांधताना हाताशी येईल ते त्या वापरतात, आणि सेरिथ शंखात शिरून झाकण लावून घेत असल्याने सहसा तिला इजा होत नाही. तरी बिळाजवळ शिंपल्याचे आणि प्रवाळखडीचे दहा-बारा तुकडे टाकून ठेवा, बांधकामाला साहित्य मिळाले की तिचा उपद्रव कमी होईल.

चौथी ट्रोकस नको. झुपका लांब वाढलेला आहे, म्हणून त्या त्याला बगल देतात. पंप बंद करून चिमट्याने मुळाशी धरून उपटा, नंतर उगवेल ते कोवळे असेल आणि ते त्या खातील. उलट काच आणि दगड दोन्ही फारच स्वच्छ दिसू लागले, तर आठवड्यातून एकदा बिनमिठाच्या, न भाजलेल्या नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्याचा) आगपेटीएवढा तुकडा रबरबँडने लहान दगडाला बांधून रात्री खाली ठेवा आणि सकाळी उरलेला काढून घ्या.